न लागलेल्या फोनचा हिशेब

‘सरकारनं मोबाइल कंपन्यांचे अहवाल कमी केले, आता त्यांना विचारणारं कोणी राहिलं नाही.’ कल्याण-नगर रस्त्यावर, जुन्नर तालुक्यातल्या मढपासून माळशेज घाटाच्या तोंडापर्यंत कुठेही रेंजचा विषय काढा, हे वाक्य हमखास कानावर येतं. त्यात राग आहे आणि तो खराही आहे. पण वाक्य अर्धं चूक आहे, आणि जे अर्धं बरोबर वाटतं तेही भलत्याच कारणासाठी.

आधी कमी काय झालं ते पाहू. १५ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारनं दूरसंचार सुधारणा जाहीर केल्या. त्यात सिमकार्ड घेताना भरायचे कागदी अर्ज बंद करून ती माहिती डिजिटल स्वरूपात ठेवायला परवानगी मिळाली. सरकारनंच तेव्हा सांगितलं, की असे ३०० ते ४०० कोटी कागदी अर्ज कंपन्यांच्या गोदामांत पडून आहेत आणि त्या गोदामांचीही तपासणी होत असते. म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून जास्त फॉर्म! ती तपासणी रद्द झाली. काही परवानग्यांच्या जागी कंपनीचं स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरलं. या गेलेल्या कागदांतल्या एकानंही मढच्या माणसाचा फोन लागला की नाही, हे कधी सांगितलं नव्हतं. ते गेले याचं दुःख करण्यात अर्थ नाही.

सेवेच्या दर्जाचे अहवाल मात्र कमी झालेले नाहीत, उलट वाढले आहेत. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं २ ऑगस्ट २०२४ रोजी नवे दर्जा-नियम काढले, ते १ ऑक्टोबरपासून लागू झाले. पूर्वी कंपन्यांची कामगिरी तिमाहीला तपासली जायची. १ एप्रिल २०२५ पासून ती दर महिन्याला तपासायची ठरली. एका मापदंडात नापास झाल्याचा दंड ५० हजारांवरून १ लाखावर गेला, आणि चूक किती मोठी त्यानुसार तो १० लाखांपर्यंत जातो. खोटा अहवाल दिला तरी दंड आहेच. कुठे टू-जी, कुठे फोर-जी, कुठे फाइव्ह-जी मिळतं याचा नकाशा कंपनीनं स्वतःच्या संकेतस्थळावर टाकणंही बंधनकारक झालं. कंपन्यांच्या संघटनेनं या वाढीव कामाबद्दल कुरकुर केली, आणि तिचं सगळंच म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

खरी गोम अहवालांच्या संख्येत नसून मोजायचं काय आणि कुठल्या मापानं, यात आहे.

‘आमचा टॉवर दोन दिवस बंद होता, सरकारदरबारी नोंद झालीच असेल.’ झालेली नसते, निदान तुम्हाला वाटते तशी नाही. नव्या नियमांत मोठ्या खंडाची जी व्याख्या आहे ती अशी : एखाद्या कंपनीची सेवा संपूर्ण जिल्ह्यात चार तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर तिनं २४ तासांच्या आत ट्रायला कळवायचं. खंड २४ तासांपुढे गेला तर त्या जिल्ह्यातल्या ग्राहकांना भाड्यात सूट किंवा मुदतवाढ द्यायची. आता पुणे जिल्हा घ्या. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. इंदापूर, बारामती, हवेली, पिंपरी-चिंचवड सगळं एकाच वेळी ठप्प झालं तरच हे कलम जागं होणार. मढ आणि आसपासची गावं आठवडाभर अंधारात राहिली, फार कशाला, अख्खा जुन्नर तालुका राहिला, तरी ते या व्याख्येत बसत नाही. रिचार्जची मुदतवाढही मिळत नाही.

मग बंद टॉवर मोजलाच जात नाही का? मोजला जातो, पण सरासरीत. कंपनीच्या एकूण सेल्सचा (सेल म्हणजे टॉवरवरच्या अँटेनानं व्यापलेला एक भाग) बंद राहण्याचा काळ २ टक्क्यांच्या आत हवा, आणि महिन्यात एकूण २४ तासांहून जास्त बंद राहिलेल्या सेल्सचं प्रमाणही २ टक्क्यांच्या आत हवं, असे मापदंड आहेत. ही टक्केवारी काढली जाते ती परवाना क्षेत्रावर. आपलं परवाना क्षेत्र म्हणजे मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. पणजीच्या चांगल्या आकड्यात मढचा वाईट आकडा विरघळतो. शंभरातले दोन सेल महिन्यात दिवसभराहून जास्त काळ बंद राहिले तरी कंपनी पास. हे दोन बहुधा कुठले असतील ते घाटात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली की डिझेल जनरेटरवर, आणि डिझेल घेऊन येणाऱ्या गाडीला रस्ता लागतो.

शेजारी ठेवून पाहण्यासारखी एक तुलना आहे. अमेरिकेत २९ जून २०१२च्या वादळात सहा राज्यांतल्या ७७ आपत्कालीन कॉल केंद्रांची सेवा कोलमडली आणि ३६ लाखांहून अधिक लोकांवर त्याचा परिणाम झाला. काही ठिकाणी ऐन वेळी जनरेटरच चालू झाले नव्हते. त्यानंतर तिथल्या दूरसंचार आयोगानं ‘९११’ या आपत्कालीन क्रमांकाची सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना पर्यायी वीज, पर्यायी वायर आणि देखरेख यांचं दरवर्षी प्रमाणपत्र द्यायला लावलं. प्रमाणपत्रातले हे रकाने कमी करा, अशी मागणी कंपन्या तिथेही करत असतात. पण बंद पडल्याची नोंद कधी करायची याचं त्यांचं माप बघा : किमान ३० मिनिटं, आणि ग्राहक गुणिले मिनिटं हा आकडा ९ लाख. तीन हजार ग्राहकांचा टॉवर पाच तास बंद राहिला की तो आकडा भरतो. म्हणजे त्या मापानं मढसारखं गाव नोंदीत येऊ शकतं, आपल्या मापानं येत नाही. ते अहवाल तिथे सहसा गोपनीय राहतात हेही सांगायला हवं, नाहीतर उगाच तिकडची आरती ओवाळल्यासारखं होईल.

याहून खोल एक गोष्ट आहे. ‘कॉल ड्रॉप २ टक्के’ म्हणजे लागलेल्या शंभर कॉल्सपैकी जास्तीत जास्त दोन मधेच तुटले. जो लागलाच नाही तो या हिशेबात नाही. फोनला टॉवरच सापडला नाही, तर कंपनीच्या यंत्राला तुम्ही प्रयत्न केल्याचंही कळत नाही. आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाला लागलेल्या-न लागलेल्या कॉल्सचा वेगळा रकाना या दर्जा-नियमांत नाही. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण आठवा. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला, दीडशेहून अधिक माणसं गेली, आणि गाव नाहीसं झाल्याची खबर बाहेर नेली ती एस.टी.च्या चालकानं, रस्त्यावरून जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. त्या महिन्याचा कुठलाही कॉल ड्रॉपचा आकडा काढा, त्यात माळीणचं काहीही दिसणार नाही. न झालेल्या कॉलचा अहवाल कोण भरणार? माझ्या मते मागणी करायचीच तर जास्त अहवालांची नको, लहान मापाची करावी : निदान तालुकानिहाय, आणि डोंगरी भागात टॉवरनिहाय.

जुन्नरमध्ये रेंजचा विषय निघाला की खोडदच्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीवरही खापर फुटतं. ‘जीएमआरटीच्या डिशमुळे फोन जाम होतात.’ होत नाहीत. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० डिश फक्त ऐकतात, काहीही प्रक्षेपित करत नाहीत. उलटं मात्र खरं आहे : मोबाइलच्या लहरी दुर्बिणीला त्रास देतात, म्हणून तिच्या आसपास टॉवर उभारताना तिथल्या शास्त्रज्ञांशी समन्वय ठेवावा लागतो. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्गही याच दुर्बिणीपायी अडला. घाटाच्या बाजूला रेंज अडवतो तो समोरचा डोंगर.

आता ११२बद्दल. ‘रेंज नसली तरी ११२ लागतो’ हा समज धोक्याचा आहे. तुमच्या कंपनीची रेंज नसेल पण दुसरीची असेल, तर फोन तिच्या टॉवरवरून आपत्कालीन कॉल लावू शकतो. पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसतं त्याचा अर्थ तोच. कुठलाच टॉवर नसेल तर ११२ही नाही. बॅलन्स संपलाय किंवा आउटगोइंग बंद केलंय, तरी मात्र लावून पाहा. अशा फोनवरूनही ११२ लागलाच पाहिजे, असं सरकारनं २०१६मध्येच ठरवलेलं आहे.

११२ची घंटी जवळच्या ओतूरच्या पोलिस ठाण्यात वाजत नाही. महाराष्ट्रातले कॉल नवी मुंबईच्या केंद्रात जातात, दुसरं केंद्र नागपूरला आहे, आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीला निरोप येतो. त्यामुळे ‘मढला अपघात झालाय’ एवढंच सांगितलं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मालाडचा मढ किनारा आला तर त्याला दोष देता येणार नाही. तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, कल्याण-नगर महामार्ग, घाटाच्या वर की खाली आणि जवळच्या दगडावरचा किलोमीटर, असं सांगावं. फोनमधून ठिकाण आपोआप कळतं यावर विसंबू नये. जीपीएसची जोड नसेल तर कळतो तो टॉवरचा परिसर, आणि गावाकडे एका टॉवरचा परिसर काही किलोमीटरचा असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ थेट लावता येतो. २०१४ पासून चालणाऱ्या या सेवेचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला सुरू झाला, म्हणून तिथेही हाच तपशील लागतो. बिबट्या दिसला तर वन विभागाचा १९२६ आहे.

राहिला तक्रारीचा प्रश्न. ‘ट्रायला पत्र लिहितो’ असं अनेकजण म्हणतात. पण एकेका ग्राहकाची तक्रार सोडवण्याचा अधिकार ट्रायला नाही. आधी कंपनीच्या १९८वर तक्रार नोंदवायची, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करायचं. एकट्याच्या तक्रारीला वजन येत नाही, हे मान्य. पण टॉवर कधी बंद पडला, कधी चालू झाला याच्या तारखा-वेळा ग्रामपंचायतीनं एका वहीत मांडल्या, आणि कंपनीनं नकाशावर रंगवलेली आपल्या गावची रेंज त्याशेजारी ठेवली, तर पुढच्या तक्रारीत सांगायला निदान आकडे असतील.