डोळ्यांतील भिंगाचें गणित

नाशिकच्या सराफबाजारांत सोनें तोलतांना गुंजेचा फरकहि ग्राहक सहसा खपवून घेत नाहीं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेस निघालेला तोच गृहस्थ मात्र डोळ्यांत बसणाऱ्या भिंगाचें माप कसें ठरतें, हें क्वचितच विचारतो. गढूळ झालेलें मूळ भिंग काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें, कीं काम संपलें असें नव्हे. पुढें चष्मा किती लागेल, हें शस्त्रवैद्याच्या हातांइतकेंच या मापावर अवलंबून असतें.

डॉ. हॅरोल्ड रिडले यांनीं १९४९ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत असें पहिलें भिंग बसविलें. शस्त्रक्रिया साधली, पण भिंग इतकें जोरदार ठरलें कीं, रोगिणीच्या डोळ्यास सुमारें उणे १८ डायोप्टरचा नंबर आला. भिंगाची शक्ति मोजण्याच्या एककास डायोप्टर म्हणतात.

यासाठीं आज मुख्यतः दोन मापें घेतात : डोळ्याची लांबी आणि दर्शनी पारदर्शक पटलाची वक्रता. १९८० मध्यें सँडर्स, रेट्झलाफ व क्राफ यांनीं दिलेलें सूत्र समजण्यास सोपें आहे. भिंगाच्या जातीचा ठराविक अंक घ्यावा. त्यांतून लांबीची अडीचपट व वक्रतेची ०.९ पट वजा करावी. अंक ११८.४, लांबी २३.५ मिलिमीटर व वक्रता ४४ डायोप्टर असल्यास उत्तर सुमारें २० डायोप्टर येतें. लांबी एका मिलिमीटरनें चुकली, तर उत्तर अडीच डायोप्टरांनीं चुकतें.

ही चूक सहज घडते. ध्वनिलहरींचें उपकरण डोळ्यावर किंचित् दाबलें गेलें, तरी डोळा आखूड भासतो आणि गणित गरजेहून जोरदार भिंग सुचवितें. प्रकाशकिरणांच्या यंत्रास स्पर्श करावा लागत नाहीं. परंतु मोतीबिंदु फार पिकला असल्यास किरण आरपार जात नाहींत. शिवाय नवें भिंग किती खोल बसेल, याचा अंदाजच बांधावा लागतो. नवीं सूत्रें तो सुधारतात. तरी फार आखूड वा फार लांब डोळ्यांत फसगत होते. इंग्लंडांत २००९ मध्यें सुचविलेल्या निकषांतहि शंभरांपैकीं ८५ डोळे अपेक्षित नंबराच्या एका डायोप्टरच्या आंत व ५५ डोळे अर्ध्याच्या आंत यावेत, इतकीच अपेक्षा होती.

सुरगाणा वा पेठ तालुक्यांतून नाशिकला येणाऱ्या वृद्धास चष्म्यासाठीं पुन्हां खेप घालणें जड जातें. म्हणूनच सर्वांना एकच सरासरी भिंग न घालतां प्रत्येक डोळा मोजणें, ही त्याची खरी सेवा होय.

शस्त्रक्रियेस जाणाऱ्यानें चष्मा घालविण्यासाठीं पूर्वीं लेसर उपचार घेतला असल्यास तें अवश्य सांगावें. त्यामुळें वक्रतेचें माप फसतें. कॉन्टॅक्ट लेन्स मोजणीपूर्वीं किती दिवस बंद ठेवावी, हें विचारावें. चष्म्याविना दूरचें दिसावें कीं जवळचें, हेंहि आधींच ठरवावें. भिंगाची शक्ति लिहिलेला कागद जपून ठेवावा. दुसऱ्या डोळ्याचें गणित मांडतांना पहिल्या डोळ्याचा पडताळा फार उपयोगी पडतो.