"बघू", "जमेल तसं" आणि स्पष्ट "नाही" : आहारतज्ज्ञांसाठी ठाम संवादकौशल्य



बारावीनंतर काय, हे विचारायला पालक शाळेत येतात तेव्हा अलीकडे 'डाएटिशियन' हे नाव हमखास निघतं. त्यासाठी काय शिकावं लागतं हे आपण सांगू शकतो. गृहविज्ञान किंवा पोषणशास्त्राची पदवी, पुढे पदव्युत्तर शिक्षण, हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप, इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आर.डी. परीक्षा. पण स्वतःचं क्लिनिक काढल्यावर समोरच्या माणसाशी बोलायचं कसं, हे कुठल्याच पेपरला नसतं. आज आपण तेच पाहणार आहोत.

विषय सुचला तो घरातल्या एका प्रसंगावरून.

माझ्या भाचीची गोष्ट

माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. घराच्या पुढच्या खोलीतच तिने क्लिनिक थाटलं. तिच्याकडे साठी ओलांडलेल्या एक काकू येत. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन. नवरात्राच्या आधी काकू म्हणाल्या, "नऊ दिवस माझा कडक उपास असतो हो. चाळीस वर्षांत मोडला नाही."

भाचीला धोका माहीत होता. इन्सुलिन नेहमीएवढंच आणि पोटात मात्र काही नाही, असं झालं की रक्तातली साखर झपाट्याने खाली येते. ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की ती धोक्याची मानतात. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं आणि वेळीच साखर मिळाली नाही तर बेशुद्धी. हे सगळं तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. पण काकू वयाने मोठ्या, विषय देवाचा, खोलीत त्यांची सूनही बसलेली. भाची म्हणाली, "बघा, जमलं तर मधूनमधून थोडा फराळ करा."

तिसऱ्या माळेला काकू न्हाणीघरात पडल्या. नशीब की सुनेने आवाज ऐकला आणि वेळेत दवाखान्यात नेलं. काकू बऱ्या झाल्या. भाची मात्र त्या रात्री फोनवर रडत होती. "मावशी, मला माहीत होतं गं. मी नीट बोललेच नाही."

ज्ञान होतं, तळमळही होती. कमी पडलं ते एक स्पष्ट वाक्य.

ठाम संवाद म्हणजे नेमकं काय?

स्वतःचं म्हणणं स्पष्ट, शांतपणे आणि समोरच्याचा मान राखून सांगणे म्हणजे ठाम संवाद. एक उदाहरण घेऊ. एक आई तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन येते आणि म्हणते, "महिन्यावर घरात लग्न आहे. हिचं आठ किलो वजन उतरवून द्या." यावर चार प्रकारची उत्तरे संभवतात.

१) पडखाऊ : "बरं, प्रयत्न करू." (मनात मात्र : हे योग्य नाही.)

२) आक्रमक : "तुम्हाला काही कळतं का? मुलीच्या तब्येतीची वाट लावाल!"

३) आडून बोलणारे : "करू की. पण घरात रोज वेफर्सची पाकिटं फुटत असतील तर आम्ही काय करणार?"

४) ठाम : "ताई, लग्नात ती छान दिसावी असं तुम्हाला वाटतं, ते मला समजतं. पण तिचं वय वाढीचं आहे. महिन्यात आठ किलो उतरवणारा आहार मी देणार नाही. तिची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर बघू. तिचं जेवण, झोप, खेळ यांचा तीन महिन्यांचा आराखडा करू. चालेल का?"

चौथ्या उत्तरात काय काय आहे बघा. आईची भावना ओळखली आहे. 'नाही' स्पष्ट आहे. कारण एका वाक्यात आहे. आणि पुढचा रस्ता दाखवला आहे. मोठ्या माणसातसुद्धा आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो घट ही सावध गती मानतात. मग वाढत्या मुलीला महिन्यात आठ किलोचं वचन देणे हे सौजन्य नव्हे, नुकसान आहे. वाढत्या मुलांत तर बऱ्याचदा वजन उतरवण्याऐवजी आहे तिथे राखतात आणि उंचीला वाढू देतात.

आणखी एक. हे सगळं ती मुलगी शेजारी बसून ऐकत असते. आपल्या शरीराबद्दल मोठी माणसं कशी बोलतात, हे ती त्या खोलीतून घरी घेऊन जाते.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू सॉल्टर यांनी १९४९ साली मनातली भावना मोकळेपणाने व्यक्त करण्याचा सराव उपचार म्हणून मांडला. पुढे जोसेफ वोल्पी यांनी तो वर्तनोपचारात आणला. १९७० मध्ये रॉबर्ट अल्बर्टी आणि मायकेल एमन्स यांचं 'युअर परफेक्ट राइट' हे पुस्तक आलं आणि हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोचला. आपल्याला शाळेत परिचित असलेली जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्ये आठवा. त्यातली 'परिणामकारक संप्रेषण' आणि 'व्यक्ती-व्यक्तींमधील सहसंबंध' ही दोन कौशल्ये इथे थेट लागू पडतात.

मुख्य मुद्दा असा की ठामपणा हा जन्मजात स्वभाव नाही. तो सरावाने येतो.

खासगी क्लिनिकमध्येच हे जास्त अवघड का?

- हॉस्पिटलमध्ये मागे संस्था असते, नियम असतात. खासगीत आपण एकटे. ज्याला 'नाही' म्हणायचं, तोच फी देणारा.
- खाणं हा सगळ्यांचाच विषय. आजी, शेजारीण, जिममधला मित्र, मोबाईलवरचे व्हिडिओ, सगळेच सल्ला देतात. "आम्ही लहानपणापासून हेच खातो, काही झालं नाही," हे वाक्य तर ठरलेलंच.
- आहारतज्ज्ञ बहुतेक वेळा तरुण मुली. समोर वयाने मोठी माणसं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, असंच आपण त्यांना शिकवलेलं.
- नातेवाईक. लग्नाच्या पंगतीतच विचारतात, "अगं, मला एक डाएट चार्ट पाठव ना व्हॉट्सॲपवर."

सरावाची साधने

१) 'बघू' ओळखा. आपल्या मराठीत 'नाही' न म्हणण्याच्या किती तऱ्हा आहेत! "बघू", "जमेल तसं", "होऊन जाईल", "तसं काही नाही". घरगुती बोलण्यात त्या गोड लागतात. पण सल्ला जिवाशी जोडलेला असेल तेव्हा "जमलं तर" हे शब्द काढून टाकावेत. ऐकणारा 'जमलं तर' म्हणजे 'नाही केलं तरी चालेल' असाच अर्थ घेतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

२) चार पायऱ्या. शेरॉन आणि गॉर्डन बॉवर यांनी १९७६ मध्ये ही सोपी रचना मांडली. आधी घडलेलं सांगा, मग आपल्याला काय वाटतं ते, मग नेमकी मागणी, शेवटी तिचा परिणाम. भेट ठरवून न येणाऱ्या माणसासाठी पाहा : "दादा, या महिन्यात ठरलेल्या दोन भेटींना तुम्ही आला नाहीत आणि फोनही नव्हता (घडलेलं). माझी ती वेळ रिकामी गेली, मला वाईट वाटलं (भावना). यायला जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवा (मागणी). म्हणजे ती वेळ दुसऱ्याला देता येईल आणि तुमचीही नवी वेळ लगेच ठरेल (परिणाम)." घडलेलं सांगताना 'नेहमी', 'कधीच' असे शब्द वापरू नयेत. त्याने भांडण सुरू होतं.

३) 'तुम्ही'ऐवजी 'मी'. थॉमस गॉर्डन यांनी पालकांसाठी ही पद्धत मांडली होती. "तुम्ही डायरी लिहितच नाही" म्हटलं की समोरचा बचावाला लागतो. "डायरी नसली की मला अंदाजाने सल्ला द्यावा लागतो आणि तो चुकू शकतो" म्हटलं की तो विचार करतो. वर्गातही करून पाहा.

४) तेच वाक्य, त्याच आवाजात. मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५ च्या पुस्तकात सांगितलेली ही युक्ती. घासाघीस सुरू झाली की दर वेळी नवीन कारण शोधू नये. "काकू, माझी फी एवढीच आहे." "हो, महागाई आहे खरी. माझी फी एवढीच आहे." कारणं वाढवली की त्यातलं प्रत्येक कारण खोडता येतं. म्हणून कारण एकदाच, वाक्य मात्र तेच.

५) खरं असेल तेवढं मान्य करा. "तू अजून लहान आहेस, तुला काय अनुभव?" यावर चिडण्यापेक्षा, "खरं आहे काका, तुमच्यापेक्षा लहान आहे. आता तुमचा रिपोर्ट बघू या का?" वाद तिथेच संपतो.

६) डॉक्टरांशी बोलताना. इथे भल्याभल्यांची जीभ अडखळते. चार गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात : आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, माझं निरीक्षण, माझी विनंती. उदाहरणार्थ : "डॉक्टर, तुमच्या अमुक पेशंटची शुगर या आठवड्यात दोनदा ७० च्या खाली गेली. इन्सुलिनचा डोस तोच आहे आणि उपास सुरू आहे. मला पुन्हा शुगर पडण्याची भीती वाटते. डोसचा निर्णय तुमचा. आज त्यांना बघाल का?" यात आगाऊपणा कुठेही नाही. आपली हद्द कुठे संपते, हेही त्यात स्पष्ट आहे.

७) नियम आधी, प्रसंग नंतर. फी किती, पहिल्या भेटीनंतर किती दिवस फोनवर शंका विचारता येतील, रात्री किती वाजेपर्यंत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावं. "नियमच आहे" हे सांगणं "मला नको आहे" यापेक्षा सोपं जातं. खरोखर ऐपत नसलेल्यांसाठी महिन्याला किती जणांना सवलत द्यायची, हेही स्वतःशी ठरवून ठेवावं. मग सवलत ही दबावाने दिलेली नसते, मनापासून दिलेली असते. नात्यातल्यांसाठी एक वाक्य पाठ असावं : "आत्या, तुमची तब्येत न तपासता चार्ट पाठवला तर तुमचंच नुकसान. शनिवारी या, निवांत बघू."

८) कमिशनला नकार. प्रोटीन पावडर विकणारा प्रतिनिधी म्हणतो, "मॅडम, डब्यामागे तुमचा वाटा." राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळण्याचाच सल्ला आहे. उत्तर छोटं असावं : "कमिशन घेऊन मी काही सुचवत नाही. तुमची माहिती ठेवून जा. धन्यवाद."

ठाम म्हणजे हट्टी नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. सल्ला स्पष्ट देणं हे आहारतज्ज्ञाचं काम, पण तो मानायचा की नाही हा समोरच्याचा हक्क. काकूंचा उपास ही त्यांची श्रद्धा आहे, तिची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. म्हणून ठाम माणसाने आधी ऐकलं पाहिजे. उपास का करता, कसा करता, त्यात काय चालतं, काय चालत नाही? ऐकल्याशिवाय दिलेला ठाम सल्ला हा हुकूमच होतो. आणि सगळं सांगूनही ऐकलं नाही, तर दिलेला सल्ला फाईलमध्ये तारखेसह लिहावा, घरच्यांना धोक्याची लक्षणं समजावून सांगावीत आणि डॉक्टरांना कळवण्याविषयी पेशंटशी बोलावं.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

*वर्गात (२० मिनिटे) :* मुलांच्या जोड्या करा. प्रसंग त्यांच्या आयुष्यातले द्या. मित्र गृहपाठाची वही कॉपी करायला मागतो, पाहुणे पोट भरलं असताना आणखी वाढतात, दादा मोबाईल हिसकावून घेतो. प्रत्येक प्रसंगाला वर दिलेली चारही प्रकारची उत्तरे वठवायला सांगा. आक्रमक उत्तरावर मुलं खूप हसतात, टोमण्यावर तर जास्तच. ठाम उत्तराला मात्र वर्ग शांत होतो, कारण ते खरंच अवघड असतं. शेवटी विचारा : कोणतं उत्तर ऐकायला बरं वाटलं? कोणतं द्यायला जड गेलं?

*घरी :* पालकहो, मूल "मला आता भूक नाही" म्हणालं तर दर वेळी "गप जेव" म्हणू नका. त्याला नीट शब्दांत 'नाही' म्हणू द्या आणि कधीकधी ते मान्यही करा. घरात एकदाही 'नाही' न म्हणता मोठं झालेलं मूल पंचविसाव्या वर्षी क्लिनिकच्या खुर्चीत बसून एकदम कसं म्हणेल?

पुढे काय झालं?

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी काकू पुन्हा भाचीकडे आल्या. या वेळी तिने बोलायचं वाक्य आदल्या रात्री वहीत लिहिलं होतं. आधी काकूंचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, तुमच्या श्रद्धेचा मान राखून सांगते. इन्सुलिन चालू असताना काही न खाता राहायचं नाही. त्याने जिवाला धोका आहे. आपण आज डॉक्टरांना फोन करू. ते हो म्हणाले तर उपासाचंच, पण वेळेवर खायचं असं वेळापत्रक लावू."

काकू जरा वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "लिहून घे गं ती काय सांगते ते."

भाचीने मला फोन केला तेव्हा आवाज अजून कापत होता. पण या वेळी ती बोलली होती.

आपल्या वर्गातून उद्याचे आहारतज्ज्ञ, परिचारिका, शिक्षक, वकील जाणार आहेत. त्यांच्यासाठी हा एक तास जरूर घेऊन पाहा.