योग, गोळ्या आणि मी

तिशीच्या आतच ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिसने गाठलं, तर योगा मॅट गुंडाळून ठेवायची की उलगडायची? आणि एकदा उलगडली, की गोळ्या बंद करायच्या का? २०१८ पासून दोन्ही एकत्र सांभाळणाऱ्या एकीचा रोखठोक हिशेब.

‘संधिवात? तुला? अगं, वय काय तुझं!’ हा डायलॉग मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता त्याचा रिंगटोनच करून घ्यावा म्हणते. ऑफिसची लिफ्ट असो, एचआरची केबिन असो नाहीतर लग्नाची पंगत, सूर तोच. संधिवात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते आजीचे गुडघे, तेलाचा वास आणि पावसाळ्यातली कुरकुर. हिंजवडीचं ट्रॅफिक, लॅपटॉपची बॅग आणि वीकेंडचा सिंहगड या चित्रात तो बसतच नाही.

पण बसतो! २०१८ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो माझ्याकडे मुक्कामालाच आला. सकाळी उठल्यावर टूथपेस्टचं झाकण फिरेना. बोटं सुजलेली, मनगटं गरम, आणि हात मोकळे व्हायला चांगला तासभर लागायचा. ‘टायपिंग जास्त होतंय’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही पॉझिटिव्ह आले, आणि खरं नाव कळलं. ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस. मराठीत आमवात.

हा झिजेचा संधिवात नव्हे, हे आधी समजून घ्या. यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला चढवते. आग धुमसत राहिली, की कूर्चा आणि हाडं कुरतडली जातात आणि सांधे वाकडे होतात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये याचं प्रमाण दोन ते तीन पट. वयाचं म्हणाल, तर तो कुठल्याही वयात येऊ शकतो.

फुकटचे सल्ले, ढीगभर

निदान झालं आणि घरात सल्ल्यांची दिवाळी सुरू झाली. आंबट सोड, वांगं सोड, एसी सोड. सगळ्यांत ठाम होती माझी आत्या. ‘त्या गोळ्या आधी बंद कर बघू. उष्ण असतात. माझ्या ओळखीतल्या एकीचं नुसत्या योगाने पळालं.’ आत्याचा जीव आहे माझ्यावर, त्यामुळे तिच्याशी वाद घालणं सोपं नाही.

मी गोळ्या बंद केल्या नाहीत. कारण डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक्स-रे समोर धरून सांगितलं होतं, ‘दुखणं कमी झालं म्हणजे आग विझली असं नाही. झालेलं नुकसान परत भरून येत नाही.’ माझी मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकतं. जोडीला फॉलिक अॅसिड, आणि ठरावीक काळाने रक्ताची आणि लिव्हरची तपासणी. मी शनिवारी रात्रीचा मुहूर्त धरला. रविवार थोडा मळमळीत आणि लोळण्यात जातो, पण सोमवारच्या मीटिंगला माणूस माणसासारखा उभा राहतो.

तरी आत्याचं एक वाक्य डोक्यात राहिलंच. योग करावा का?

वीट, लोड आणि खुर्ची

पहिला प्रयोग ऑफिसजवळच्या एका जिममधल्या पॉवर योगाच्या बॅचचा. मनगटं सुजलीयत असं सांगितलं, तर ट्रेनर म्हणाला, ‘नो पेन, नो गेन. बारा सूर्यनमस्कार तर मारा!’ सूर्यनमस्कारात शरीराचा केवढा भार मनगटांवर येतो, ते त्याच्या गावीही नव्हतं. मी मॅट उचलली आणि सरळ घरी आले.

मग मैत्रिणीने कोथरूडमधल्या एका क्लासचा पत्ता दिला. शिकवणाऱ्या ताई अय्यंगार पद्धतीच्या. आत गेले, तर योगवर्ग आहे की मांडववाल्याचं गोडाऊन, कळेना. भिंतीला दोर, कोपऱ्यात घडीच्या खुर्च्या, लाकडी विटा, पट्टे, घोंगड्यांच्या घड्या आणि बैठकीवर असतात तसले लोड.

पुणेकरांना वेगळं सांगायला नको, पण हे सगळं ज्यांनी जगभर नेलं, ते बी. के. एस. अय्यंगार स्वतः आजारी मुलगा म्हणूनच वाढले होते. १९१८ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लूर इथे जन्म. लहानपणी मलेरिया, टायफॉईड आणि क्षय, तिन्हींनी त्यांना पिळून काढलं. १९३४ मध्ये ते म्हैसूरला मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे गेले आणि तिथे योग शिकले. १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथलेच झाले. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनाही लहानपणीच मूत्रपिंडाच्या विकाराने गाठलं होतं, आणि पुढे स्त्रियांसाठीच्या योगावर त्यांनी मोठं काम केलं. शिवाजीनगरच्या मॉडेल कॉलनीत १९७५ पासून उभ्या असलेल्या त्यांच्या संस्थेने खुर्ची, दोर आणि विटांना जो मान मिळवून दिला, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. आसनापर्यंत शरीर पोचत नसेल, तर आसन शरीरापर्यंत आणायचं, असा हा साधा फंडा!

माझ्या बाबतीत तो असा दिसतो. अधोमुख श्वानासनात तळहात जमिनीवर नाहीत, कोपरापासूनचे हात खुर्चीच्या बैठकीवर. पिळाचं भारद्वाजासन खुर्चीत बसूनच. सुप्त बद्धकोणासनात पाठीखाली लोड आणि दोन्ही मांड्यांखाली घोंगडीची घडी. विपरीत करणीत पाय भिंतीला, कंबरेखाली लोड. गोळीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, एवढंच करून शवासन.

आणि शीर्षासन? कायमचं रद्द! या आजारात मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल होऊ शकतात. तिथे भार पडला, तर थेट मज्जारज्जूवर दाब यायची भीती. त्यामुळे सर्वांगासन आणि हलासनही नाही. हे मी सांगण्याआधी ताईंनीच मला विचारलं, ‘मानेचा एक्स-रे झालाय का गं? डॉक्टरांना विचार, मग पुढचं बघू.’ त्या एका वाक्यावर माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

नमस्काराचं मीटर

क्लासची सुरुवात होते नमस्काराने. तळहात एकमेकांना टेकवायचे, छातीसमोर, कोपरं बाजूला. ही साधी गोष्ट माझं रोजचं मीटर आहे. बरा दिवस असेल, तर तळहात पूर्ण टेकतात आणि दोन्ही हात कोपरापर्यंत एका आडव्या रेषेत येतात. वाईट दिवशी मधे फट राहते आणि कोपरं खाली लोंबतात. डॉक्टरही मनगट तपासताना अगदी हेच करायला लावतात, हे नंतर कळलं.

मी वहीत रोज तीन गोष्टी लिहिते. सकाळी हात मोकळे व्हायला किती मिनिटं लागली, मूठ पूर्ण वळली का, आणि नमस्कार कसा जमला. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाते तेव्हा ‘बरं आहे, थोडं दुखतं’ असलं गुळमुळीत उत्तर देत नाही. वही पुढे करते. दोनदा तर औषधाचा डोस बदलायचा निर्णय ईएसआर-सीआरपीच्या जोडीने या वहीवरून झाला.

योगाने मला काय दिलं, असं विचाराल तर हे दिलं. पूर्वी दोनच बटणं होती, सगळं ठीक किंवा सगळं संपलं. आता मधले आकडे कळतात. आज तीस टक्के आहे, मग तीस टक्क्यांचं आसन. आज सत्तर आहे, मग वीरभद्रासनही होऊन जाऊ दे.

मग बरं होतं का?

आत्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर : योगाने हा आजार जात नाही. पण उपयोग होतो का? होतो, आणि तो नुसता मनाचा खेळ नाही. दिल्लीच्या एम्समध्ये या आजाराच्या ७२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ज्यांनी आठ आठवडे योग केला, त्यांच्यात सूज आणि नैराश्य, दोन्हींचं प्रमाण घटलं. अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजी कॉलेजने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नियमित व्यायामाची ठाम शिफारस केली, आणि योग, ताई ची यांसारख्या प्रकारांची सशर्त. दोन्हीकडे एक शब्द समान आहे, ‘जोडीला’. औषधाच्या जागी योग घ्या, असं कुणीही म्हटलेलं नाही.

आता खरी परीक्षा

हे सगळं आत्ता लिहायला कारण आहे. आम्हाला मूल हवंय. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक असते, त्यामुळे दिवस राहण्याच्या काही महिने आधीच ती थांबवावी लागते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवून तीन महिने झाले. तिच्या जागी गरोदरपणातही चालणाऱ्या दोन गोळ्या आल्या : सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. (हो, तीच! २०२० मध्ये करोनाच्या घबराटीत औषधाच्या दुकानांतून जी गायब झाली होती आणि आम्ही रुग्ण दुकानं पालथी घालत होतो.)

आत्याला वाटतंय, तिचं म्हणणं एकदाचं पटलं. सासूबाई म्हणतात, ‘गोळी सुटली, आता योग वाढव.’ त्यांना मी समजावते, ‘अहो आई, गोळी सुटली नाही, बदलली.’ ताईंनी उलट क्लास हलका केलाय. पोटावर दाब येणारे पीळ आतापासूनच कमी आणि लोड जास्त.

गेले दोन आठवडे नमस्कारात फट दिसतेय. डावं मनगट कुरकुरतंय. भीती वाटते का? वाटते. बऱ्याच जणींचा आजार गरोदरपणात शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. माझं काय होईल, हे कुणीच सांगू शकत नाही. पण फट वहीत नोंदवलीय, डॉक्टरांची तारीख अलीकडे घेतलीय, आणि मॅट गुंडाळलेली नाही.

तुमच्यासाठी चेकलिस्ट

* योग सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा : माझे कुठले सांधे जपायचे? मान तपासायला हवी का?
* शिक्षकांना आजाराचं नाव आणि औषधं दोन्ही सांगा. जे ‘गोळ्या सोडा’ म्हणतील, त्यांना नमस्कार करा आणि निघा.
* सांधा गरम आणि सुजलेला असेल, तर त्याच्यावर भार नको. हलकी हालचाल, श्वसन आणि शवासन पुरे.
* व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांच्या पुढे टिकलं, तर तेवढं जास्त झालं असं समजा. पुढच्या वेळी कमी करा.
* सकाळी सांधे आखडलेले असतात. गरम पाण्याने अंघोळ करून मगच मॅटवर या, किंवा सरळ संध्याकाळची बॅच घ्या.
* खुर्ची घेतली म्हणून लाजू नका. शेजारच्या मॅटवरची मुलगी शीर्षासन करतेय? करू दे की!