पाण्यात उमलणारा चहा

चहा म्हटला की आपल्याला ठेचलेलं आलं हवं, दूध दाट हवं आणि उकळी दोनदा तरी वर यायला हवी. त्यामुळे पुण्या-मुंबईची भाची मोठ्या सुपारीएवढा वाळका गोळा हातावर ठेवून "काकू, हा फुलांचा चहा" म्हणाली, तर हा कुटायचा की उकळायचा, असाच प्रश्न पडतो. मैत्रिणींनो, दोन्ही नाही! गरम पाण्यात सोडायचा आणि बघत बसायचं.

हे गोळे येतात चीनच्या युनान आणि फुजियान प्रांतांतून. चहाचे लांब, कोवळे कोंब ओलसर असतानाच सुती दोऱ्याने बांधतात. आत शेवंती, लिली, मोगऱ्याच्या जातीची फुलं, नाहीतर आपल्या कुंपणाशी लागणारं ते जांभळं बटणासारखं फूल ठेवतात. मग कोंब दुमडून, फडक्यात घट्ट आवळून गोळा करतात आणि वाळवतात. एकेक गोळा हाताने! म्हणूनच तो स्वस्त नसतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात हे वेगळं सांगायला नको. गुलमंडीच्या नावातच फुलांचा बाजार आहे, आणि हिमरू असो की पैठणची पैठणी, पैसे नुसत्या धाग्याचे नसतात, हाताचे असतात, हे आपण जाणतोच.

आता करायचा कसा? भांडं काचेचंच हवं. स्टीलच्या पातेल्यात फूल उमललं काय नि न उमललं काय! मात्र साधी बरणी किंवा पातळ ग्लास घेऊ नका, तडकेल. गरम सोसणारा बोरोसिलसारखा जग आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. एका गोळ्याला साधारण अर्धा लिटर पाणी. ते उकळून दोन मिनिटं थांबा, कारण खळखळत्या पाण्यात कोवळे कोंब कडवट होतात. बोअरचं जड पाणी तर नकोच. त्यात चहा काळपट होतो, वर तवंग धरतो. जायकवाडीचं नळाचं पाणी गाळून घ्या. (नळ आला त्या दिवशीच पाहुणे बोलवा म्हणजे झालं!)

पाणी ओतण्याआधी सगळ्यांना खिडकीजवळ बसवा, कारण तीन ते पाच मिनिटांत खेळ आटोपतो. आधी गोळा फुगतो, मग पानं एकेक करून मागे सरतात आणि मधून फूल डोकं वर काढतं. दूध-साखर घालू नका. चव हलकी असते. खरं सांगायचं तर, कडक चहावालीला पहिल्या घोटाला "हे काय, गरम पाणी?" वाटेल. नान-खलियाच्या जेवणावर तर तो कळणारही नाही. चार वाजता, नुसत्या नानखटाईबरोबर घ्या. त्याच गोळ्यावर आणखी दोनदा गरम पाणी ओतता येतं. दुसरा कप मला पहिल्यापेक्षा बरा वाटतो.

हे पाहून घरी गोळे बांधायचा मोह होईल. पण एक गोष्ट नक्की पाळा. हारा-गजऱ्यांची बाजारातली फुलं चहात घालू नका. ती पोटात जाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर औषध मारलेलं असू शकतं. आणि कण्हेर, धोतरा ही तर सरळ विषारी झाडं, ती दिसायला कितीही सुरेख असली तरी! दारातली, न फवारलेली गोकर्ण किंवा तांबडी जास्वंद असेल तर मात्र गंमत करता येते. गोकर्णीची पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाका, पाणी निळंशार होतं. वर लिंबू पिळलं की जांभळं! जास्वंदीचा देठाकडचा हिरवा भाग आणि मधला दांडा काढून नुसत्या पाकळ्या घ्या. तिच्या पाण्यात लिंबू पडलं की लालभडक रंग येतो. पोरं दूध सोडून हेच मागतील. दिवस गेलेले असतील त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जास्वंदीचा चहा घेऊ नये.