पूर गावात, पोरगी होस्टेलात

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडची मुलं बारावीनंतर अर्जुनी मोरगाव, गोंदिया, नाहीतर थेट नागपूर गाठतात. त्यामुळे पुराच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘तू तर होस्टेलात होतीस, तुला कशाचं टेन्शन?’

कशाचं? घरचा फोन लागत नाही, नाल्यावरून पाणी असल्याने रस्ता बंद, मातीची भिंत उभी आहे की बसली ते कळत नाही. पाणी दोन दिवसांत ओसरतं. बांध्यांतला धान सडला की फी, मेस, खोलीभाडं वर्षभर अडतं. आपत्तीनंतरच्या या पैशाअडक्याच्या ओढाताणीने मनाचा त्रास लांबतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. अमेरिकेत 2005 च्या कॅटरिना वादळाआधीपासून कॉलेजात शिकणाऱ्या गरीब, तरुण आयांचा एक अभ्यास चालू होता. वादळानंतर चार-पाच वर्षांनीही जवळपास एक-तृतीयांश जणींमध्ये आघाताची लक्षणं होती, आणि घराचं नुकसान झालेल्यांचा त्रास जास्त टिकला. ‘तरुण आहेत, विसरतील’ म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं.

बरं, मुलं घरी असली तरी सुटका नाही. 28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने कोरोना असला तरी अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही, असा निकाल दिला आणि त्याच आठवड्यात वैनगंगेला महापूर आला. गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात. कॉलेजं कोरोनामुळे बंदच होती. तेव्हा ऐकवलं जायचं, ‘घरीच तर आहेस, अभ्यासाला वेळच वेळ!’ अहो, झोप उडाली की लक्ष लागत नाही. तासभर तेच पान उघडं ठेवून बसलेला मुलगा कामचुकार नसतो.

पूर पाहिला म्हणजे मानसिक आजार जडलाच, हेही खोटं. बहुतेकजण आपापले सावरतात. भीती, दचकणं, त्याच आठवणी महिन्याहून जास्त टिकल्या तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

‘सगळं सांगून टाक, मोकळी होशील’ असा आग्रह नको. घटनेनंतर लगेच सगळं वदवून घेण्याची पद्धत वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. बोलावंसं वाटलं तर ऐका.

समुपदेशन वेड्यांसाठी? मुळीच नाही. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि कॉलेजच्या ऑफिसांनी एक करावं. फीची मुदत वाढवून मागणाऱ्या मुलीकडे पंचनाम्याची प्रत जरूर मागा. पण तलाठी बांधावर पोचेपर्यंत तिचा परीक्षेचा फॉर्म अडवू नका.