मद्यपी सारथी व कायद्यांतील ‘किंवा’

मद्य प्राशन करून मोटार हांकणाऱ्यास शासन व्हावें, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. वाद आहे तो शासन कोणास, किती व केव्हां, एवढाच. वरणगांवच्या व्यापारी मंडळीस हा प्रश्न मुंबई-पुण्याचा वाटत असेल, तर तो भ्रम होय. सुरत-नागपूर महामार्ग आपल्या अंगणांतूनच जातो. खानदेशच्या मालाच्या गाड्या त्याच रस्त्यानें रात्रीं निघतात, आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार त्याच रस्त्यानें घरीं परततात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८५ वें कलम मूळचें मोठें कडक होतें. रक्तांत मद्याचा अंश कितीही अल्प असला तरी तो गुन्हा, असें त्यांत म्हटलें होतें. १९९४ सालीं दुरुस्ती होऊन दर १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमपर्यंत सूट मिळाली. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्याचा दंड २ हजारांवरून १० हजारांवर व पुढील गुन्ह्याचा ३ हजारांवरून १५ हजारांवर नेला. महाराष्ट्र सरकारानें त्या वर्षीं नव्या दंडांची अंमलबजावणी लांबणीवर टाकली व डिसेंबर २०२१ मध्यें ती सुरू केली. लांबणीच्या वेळीं विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, हें चतुर वाचकांस सांगावयास नको. परंतु ह्या सर्व फेरफारांत ‘सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही’ यांतील पहिला ‘किंवा’ जागचा हलला नाहीं. श्रीमंताच्या चिरंजीवांस दहा हजार म्हणजे एका रात्रीचा खर्च. ट्रक हांकणाऱ्या गरिबाचें त्यांत घर बसतें. दुसऱ्या गुन्ह्यास तरी कैद सक्तीची असावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां अंमलाचें पाहूं. कलम २०२ अन्वयें अटकेपासून दोन तासांचे आंत वैद्यकीय तपासणी न झाल्यास आरोपीस सोडून द्यावें लागतें. ही मर्यादा नागरिकाच्या स्वातंत्र्यासाठीं आहे व ती आम्हांस मान्यच आहे. पण ती पाळावयाची तर ठाण्यांत चालू स्थितींतील श्वासयंत्र आणि रुग्णालयांत रात्रीं जागा असलेला डॉक्टर पाहिजे. बरें, रक्त घेतलें तरी तें कोणाचें? १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत दोन तरुण अभियंते मोटारीखालीं बळी पडले, तेव्हां ससून रुग्णालयांत रक्ताचा नमुनाच बदलला असा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपाचा निवाडा न्यायालयाचा आहे. परंतु अल्पवयीन आरोपीस जामीन देतांना अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहावयास सांगितलें गेलें, हें साऱ्या देशानें पाहिलें.

सरकारची स्वतःची स्थिति याहून चमत्कारिक. मोटारींचा कायदा दिल्लीचा, दारूचें उत्पन्न मुंबईचें. जून २०२५ मध्यें मंत्रिमंडळानें मद्यावरील कर वाढविला, तेव्हां १४ हजार कोटींच्या वाढीव उत्पन्नाचा अंदाज सांगण्यांत आला. डिसेंबर २०१६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें महामार्गापासून ५०० मीटरांचे आंत दारूचीं दुकानें नकोत असा निर्णय दिला. लगेच दुसऱ्या वर्षीं जळगांव शहरांतील रस्ते राज्यमार्गांच्या यादींतून काढून महापालिकेच्या गळ्यांत घालण्याचा घाट घातला गेला! रस्ता तोच, खड्डे तेच, दुकानही तेंच. बदललें तें केवळ नांव. जुलै २०१७ मध्यें तर न्यायालयानेंच नगरपालिकांच्या हद्दींस ती बंदी लागू नाहीं असा खुलासा केला. वरणगांवीं आतां नगरपरिषद आहे, म्हणजे हद्दींतील दुकानदार निर्धास्त.

राहतां राहिले गाड्यांचे मालक. आमचे अनेक वाचक मालक आहेत, म्हणून दोन शब्द त्यांस. १८८ वें कलम फारसें कोणी वाचीत नाहीं. मद्य पिऊन गाडी हांकण्यास जो चिथावणी वा साहाय्य देईल, त्यास हांकणाऱ्याइतकीच शिक्षा, असें तें सांगतें. सारथी झिंगलेला आहे हें डोळ्यांनीं पाहून ‘माल पहाटेपूर्वीं पोंचलाच पाहिजे’ म्हणून त्याच्या हातीं किल्ली देणारा मालक ह्या कलमाच्या कक्षेंत येऊं शकतो. शिवाय विम्याचा भरंवसाही नको. श्वासाची वा रक्ताची चांचणी झाली नसली तरी इतर पुराव्यावरून सारथी मद्याच्या अमलाखालीं होता असें ठरल्यास विमा कंपनी गाडीची भरपाई नाकारूं शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२१ मध्यें दिला आहे. त्या खटल्यांत हरली ती मोटार कंपनीच्या मालकीची होती, आणि तिच्या भरपाईपोटीं मालकांच्या पदरीं एक पैही पडली नाहीं.