मुलांचा पोहण्याचा पोशाख : पालकांची अडचण, कारागिरांची संधी

उन्हाळ्याची सुट्टी लागली की सोलापूर जिल्ह्यातील मुलांना पाण्याची ओढ लागते. शहरातील मुले जलतरण तलावावर जातात. वळसंगसारख्या गावातील मुले विहिरीवर जातात. कमरेला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून काठावरून उडी मारायची, ही आपल्याकडची पोहण्याची पहिली इयत्ता. मुलग्यांच्या बाबतीत कपड्याचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. एक चड्डी असली की भागते. मुलीच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न कपड्याचाच येतो. त्याचे उत्तर मिळाले नाही तर पोहणे शिकण्याचा विषय तिथेच संपतो.

हा विषय व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण असे की, ही केवळ घरातील चर्चा नाही. मागणी आहे आणि मनासारखा माल मिळत नाही, अशी ही स्थिती आहे. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग हे विणकरांचे गाव. जवळच्या सोलापुरात चादर, टॉवेल आणि शालेय गणवेशाची मोठी बाजारपेठ. २०१७ साली सोलापूरच्या तयार कपडा उत्पादकांनी गणवेशाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मुलांच्या मापाचा कपडा कापण्यात आणि शिवण्यात ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनी या मालाकडे लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते.

पोहणे हा शौक नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे पाण्यात बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. विहिरी, शेततळी, कालवे आणि नद्या यांच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पोहता येणे ही मुलाच्या जिवाची बेगमी आहे. मुलांना पोहणे शिकवा, ही हजरत उमर (रजि.) यांच्या नावाने सांगितली जाणारी ताकीद आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. पाणी मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. तेव्हा कपड्याअभावी मुलगी काठावर राहिली, तर त्यात तिचा दोष नाही. तिला योग्य पोशाख मिळवून देणे हे पालकांचे काम आहे, आणि तो बाजारात आणणे हे आपल्या व्यापाऱ्यांचे काम आहे.

जगात काय घडले?

लेबनॉनमध्ये जन्मलेल्या ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेटी यांनी आपल्या भाचीला हिजाब घालून नेटबॉल खेळताना पाहिले. त्या कपड्यांत मुलीची होणारी अडचण पाहून त्यांनी खेळासाठी अंगभर पोशाख तयार केला आणि २००४ साली पोहण्यासाठीची ‘बुर्किनी’ बाजारात आणली. म्हणजे या मालाची सुरुवातच मुळी एका मुलीच्या गरजेतून झाली. पुढे २००७ साली सिडनीच्या समुद्रकिनाऱ्यावर एका मुस्लिम तरुणीने जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या रंगातील असाच पोशाख घालून काम सुरू केले. २०१६ साली मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या मोठ्या ब्रिटिश दुकानदारानेही असा माल विकायला ठेवला.

त्याच वर्षी फ्रान्समधील काही किनारी शहरांनी या पोशाखावर बंदी घातली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने अशा एका बंदीला स्थगिती दिली.

पालकांशी थेट संबंध असलेले प्रकरण स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचे आहे. तेथील तुर्की वंशाच्या एका दांपत्याने मुलामुलींच्या एकत्रित पोहण्याच्या सक्तीच्या तासाला आपल्या दोन लहान मुलींना पाठवण्यास नकार दिला. त्यांना एकूण चौदाशे फ्रँक दंड झाला. १० जानेवारी २०१७ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने दंड योग्य ठरवला. निकालात न्यायालयाने याचीही नोंद घेतली की शाळेने मुलींना बुर्किनी घालण्याची मुभा दिलेली होती. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही २०१३ साली फ्रँकफर्टच्या एका विद्यार्थिनीला हाच मार्ग सांगितला होता. या निकालांबद्दल मतभेद असू शकतात. व्यापाऱ्याने त्यातून इतके ध्यानात घ्यावे की, पोहणे आणि मर्यादा यांचा मेळ घालणारा कपडा आज जगभर ओळखीचा झाला आहे.

टॉवेलचा गुण, पोशाखाचा दोष

आपल्याकडे अनेक पालक मुलीला सलवार-कमीज घालूनच पाण्यात उतरवतात. हेतू चांगला असला तरी हा उपाय धोक्याचा आहे. सुती कापड पाणी पिते. सोलापुरी टॉवेलचा नावलौकिक याच गुणावर उभा आहे. परंतु टॉवेलचा जो गुण, तोच पोहण्याच्या कपड्याचा दोष. भिजलेला सुती कपडा जड होतो, पायात गुंततो आणि लहान मुलाला खाली ओढतो. ओढणी गळ्याभोवती आवळण्याची भीती असते. शिवाय भिजलेले सुती कापड अंगाला चिकटते, म्हणजे ज्या मर्यादेसाठी ते घातले तीही राहत नाही. सुती कपड्यांचे तंतू गाळणीत अडकतात म्हणून अनेक तलावांवर अशा कपड्यांना परवानगीही नसते.

पोहण्याच्या पोशाखाचे कापड मागावर विणलेले नसते. ते होजिअरीप्रमाणे गुंफलेले असते आणि चारही बाजूंना ताणले जाते. साधारणपणे त्यात चार भाग नायलॉन आणि एक भाग स्पँडेक्स, म्हणजे ज्याला बाजारात लायक्रा म्हणतात तो धागा असतो. तलावातील क्लोरीन स्पँडेक्सला खाते, त्यामुळे कपडा सैल पडतो. रोज तलावावर जाणाऱ्या मुलासाठी पॉलिएस्टर आणि पीबीटी या धाग्यांचे कापड अधिक टिकते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, तेथे नायलॉनचे कापड पुरेसे आहे.

पालकांनी काय पाहावे?

१) माप : ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठा कपडा घेण्याची आपली सवय येथे उपयोगी नाही. सैल पोशाखात पाणी भरते आणि तो सरकतो. अंगाला बसणारा, पण छाती आणि काख न आवळणारा कपडा घ्यावा. मर्यादेसाठी वरून मांडीपर्यंत येणारा झगा हवा असेल तर तो त्याच कापडाचा आणि विजारीला जोडलेला असावा, म्हणजे पाण्यात वर तरंगणार नाही.

२) रंग : फिकट निळा, पांढरा आणि राखाडी रंग तलावाच्या पाण्यात दिसेनासा होतो. भडक नारिंगी, पोपटी पिवळा किंवा गडद गुलाबी रंगाचे मूल पाण्याखालीही पटकन नजरेस पडते. विहिरीच्या काळपट पाण्यात तर गडद निळा आणि काळा रंग मुळीच घेऊ नये. आपल्याकडे मुलींसाठी काळाच रंग निवडण्याची रीत आहे. निदान टोपी आणि बाह्या तरी भडक रंगाच्या असाव्यात.

३) नाड्या : गळ्याशी आणि डोक्यावरील टोपीला नाडी नको. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांवरील नाड्यांबाबत स्वतंत्र मानकच आहे. डोके झाकायचे असेल तर अंगाबरोबर शिवलेली किंवा घट्ट बसणारी टोपी चांगली.

४) मुलगे : सतरची मर्यादा नाभीपासून गुडघ्यापर्यंत, हे आपण जाणतो. गुडघ्यापर्यंत येणारी घट्ट पोहण्याची विजार बाजारात ‘जॅमर’ या नावाने मिळते. योगायोग असा की, २०१० पासून जागतिक जलतरण संघटनेने पुरुष स्पर्धकांच्या पोशाखासाठी नाभीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाऊ नये, असा नियम केला. तेव्हा लहानपणापासून मुलाला जॅमरची सवय लावली तर घरचा कायदा आणि तलावाचा कायदा यांत भांडण उरत नाही. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलींच्या पालकांनी मात्र अंगभर पोशाख चालतो की नाही, हे संबंधित संघटनेला आधी विचारून घ्यावे.

५) निगा : वापरानंतर साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. गरम पाणी, ब्रश आणि इस्त्री यांपासून दूर ठेवावा.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत फार ताणून धरू नये, असे आमचे मत आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ऊन लागणार नाही आणि हातपाय मोकळे हलतील, एवढे पाहावे. मोठ्या होत चाललेल्या मुलीला मात्र दुकानात बरोबर न्यावे आणि तिचे म्हणणे ऐकावे. ज्या कपड्यात तिला लाज वाटते किंवा जीव गुदमरतो, त्या कपड्यात ती पोहायला शिकणार नाही.

कारागिरांसाठी

या शिलाईला फार मोठे भांडवल लागत नाही, पण गणवेशाची साधी मशीन पुरत नाही. ओव्हरलॉक आणि शक्य झाल्यास फ्लॅटलॉक मशीन हवी. सुई गोल टोकाची घ्यावी, नाहीतर कापडाला भोके पडून धागे उसवतात. दोरा सुती नको. तो पाण्यात कुजतो आणि ताण सहन करत नाही. पॉलिएस्टरचा दोरा वापरावा. मापात छाती आणि उंचीबरोबर एक माप न विसरता घ्यावे : खांद्यावरून मांड्यांमधून परत त्याच खांद्यापर्यंत. हे चुकले की पोशाख खांद्यावर काचतो. कापड सुरत आणि तिरुपूरच्या बाजारातून आणता येते. सुरुवातीला थोडे कापड आणून दोन-तीन मापांचे नमुने शिवावेत, क्लोरीनच्या पाण्यात भिजवून पाहावेत आणि मगच ऑर्डर घ्यावी. घरी बसून शिलाई करणाऱ्या भगिनींना हे काम विशेष सोयीचे आहे, कारण मुलीचे माप घेण्यात त्यांच्यापुढे संकोच राहत नाही.

जे माग सोडू इच्छित नाहीत त्यांच्यासाठीही जागा आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर मुलाला अंग झाकायला काहीतरी लागते. टोपी असलेला टॉवेल, डोक्यातून घालायचा टॉवेलचा झगा आणि लहान मापाचा बाथरोब हे तीन नग आपल्या टेरी कापडातूनच होतात. भौगोलिक मानांकन मिळालेला सोलापुरी टेरी टॉवेल या कामी आणला, तर कपडे बदलण्याच्या आडोशाची अडचणही बरीच सुटते.

कराच्या दृष्टीने होजिअरी कापडाचा पोहण्याचा पोशाख ६११२ या शीर्षात येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर पाच टक्के, तर त्यावरील किमतीस अठरा टक्के जीएसटी आहे. मुलांचा माल बहुधा पहिल्याच दरात बसतो.

एक गोष्ट दुकानदारांनी कटाक्षाने पाळावी. हवेचे बाजूबंद किंवा फोम लावलेला पोशाख विकताना ‘आता मूल बुडणार नाही’ असे कधीही सांगू नये. कोणताही कपडा मोठ्या माणसाच्या नजरेची जागा घेत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगणे हाही प्रामाणिक व्यापाराचाच भाग आहे.

वळसंगची विहीर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३७ सालच्या भेटीमुळे इतिहासात नोंदली गेली. पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे या गावाला कोणी नव्याने शिकवायची गरज नाही. येत्या सुट्टीत आपल्या मुलीही पाण्यात उतरून हातपाय मारतील, अशी व्यवस्था पालकांनी करावी. आणि त्यांच्या अंगावरचा पोशाख वळसंग-सोलापूरच्या शिलाईचा असावा, यासाठी कारागीर बंधू-भगिनींनी आतापासूनच कात्री हातात घ्यावी.